कंदील नावाचं कॅलेंडर

काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर कपाटाच्या दाराला आतून टांगलं होतं. साडी काढायला म्हणून दार उघडायचं, चतुर्थी कधी आहे ते बघायचं, गॅसची टाकी लावल्याची तारीख लिहायची आणि दार पुन्हा लावायचं. मी त्यांच्याकडं भाड्यानं राहायला गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला हे दाखवलं. "यांच्यासमोर बोलू नको बरं का," त्या म्हणाल्या. "यांना वाटतं, आपल्या घरात दुसरं कॅलेंडर नाही."

मला वाटलं, काकांचा काही नवस असेल. नवस नव्हता, कॉम्प्युटर होता. पुढच्या खोलीत, देवघराला लागूनच, एका टेबलावर तो बसवलेला होता आणि त्यावर काकूंनी विणलेलं झाकण. त्या कॉम्प्युटरमध्ये एक कॅलेंडर होतं आणि काकांचा सगळा दिवस त्या कॅलेंडरवर चालायचा. त्याचं मूळ इंग्रजी नाव लांबलचक होतं, ते मी कधी पाठ केलं नाही. पडद्यावर त्याची खूण म्हणून एक छोटासा पिवळा कंदील होता. म्हणून काका त्याला कंदील म्हणत, काका म्हणत म्हणून काकू, मग मी, आणि पुढं सगळी कॉलनी.

मी लासूर स्टेशनची. औरंगपुऱ्यात एका दातांच्या डॉक्टरांकडं काउंटरवर नोकरी लागली. रोज रेल्वेनं येणं-जाणं जमेना, म्हणून बीड बायपासच्या पलीकडं, सातारा परिसरातल्या एका नव्या कॉलनीत काकांच्या घरातली वरची खोली घेतली. शहराचं नाव तेव्हा अजून औरंगाबाद होतं आणि दर महिन्याला ते एकेका शेतानं पुढं सरकत होतं. आज ज्वारीची धसकटं दिसली तिथं सहा महिन्यांनी स्लॅब पडलेला असे. रस्ते नव्हते, नळ नव्हते, पण घरांना नंबर होते.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. अंगानं काटकुळे, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला, खिशाला तीन पेनं आणि त्यांतलं एकही उठत नसे. भेटल्यावर ते कधी "कसं काय?" म्हणायचे नाहीत. "आज काय काय आहे?" असं विचारायचे. पहिल्या दिवशी मी भाबडेपणानं म्हणाले, "काही नाही." त्यांना ते इतकं लागलं की ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "असं म्हणू नाय पोरी. काही नाय असा दिवस नसतो. आपण तो लिहिलेला नसतो, एवढंच."

कंदील त्यांना भेटला तो एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवर. तेव्हा ते नोकरीत होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पाळ्या असत, आणि त्या विचित्र असत. दर सहाव्या दिवशी अमुक, दर तिसऱ्या रविवारी तमुक. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याला हे सगळं नव्यानं लिहावं लागे. कंदिलात एकदा सांगितलं, 'दर सहाव्या दिवशी', की संपलं. पुढच्या दहा वर्षांचे सहावे दिवस तो स्वतः भरून टाकायचा. काका सांगायचे, "मी त्या दिवशी डबा खायचा विसरलो. बसून नुसती पुढची वर्षं बघत राहिलो."

त्याचा इतिहास ते पाहुण्याला चहाबरोबर देत. जगातल्या वेगवेगळ्या देशांतल्या डझनभर माणसांनी तो फावल्या वेळात बनवलेला. त्यांतल्या बहुतेकांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नव्हती. कुणी शाळेत शिकवणारं, कुणी गोदामात काम करणारं. मोठ्या कंपन्यांची कॅलेंडरं विकत घ्यावी लागत, आणि त्यात लिहिलेले दिवस दुसरीकडं हलवता येत नसत, याचा त्यांना राग आला होता. त्यांनी कंदील बनवला, फुकट वाटला, आणि तो कसा बनवला तेही सगळं उघड ठेवलं. कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्त करावं. "स्वैपाकघराचं दार उघडं ठेवून जेवायला घालणारे लोक आहेत हे," काका म्हणायचे. आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "आपले दिवस दुसऱ्याच्या फडताळात कशाला ठेवायचे?"

हे वाक्य नुसतं बोलायचं नव्हतं. ते कंदिलाची फाइल साध्या अक्षरांत उघडून दाखवायचे. तारीख, वेळ, काम, सगळं वाचता येण्याजोगं. इंटरनेट नको, पासवर्ड नको. वीज गेली तर आदल्या दिवशी छापलेला कागद. काकू आतून ओरडायच्या, "पाहुण्यांना जेवू द्या आधी!"

कंदील मराठीत आणला तो काकांनीच. एकट्यानं, दोन उन्हाळे बसून. त्यांच्याबरोबर पुण्याचे एक गृहस्थ होते, त्यांच्याशी पत्रापत्रीनं वाद चालायचा. आठवण करून देणारी खिडकी उघडते, तिला पुण्याचे 'स्मरणसूचना' म्हणत. काका म्हणाले, "माझ्या बायकोला मी स्मरणसूचना दिली तर ती मला जेवायला देणार नाय." शेवटी 'आठवण' ठरलं. त्या खिडकीवर दोन बटणं असत. एकावर काकांनी लिहिलं 'समजलं', दुसऱ्यावर 'थोडं थांब'. ही दोन्ही बटणं घरात इतकी रुळली की काकू भाजी आणायला सांगायच्या, काका पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "थोडं थांब." काकू म्हणायच्या, "माझ्यापुढं ती बटणं नका दाबू."

एका ठिकाणी मात्र मराठवाडा काकांच्या हातून सुटला. एखादं काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर ते कधीपर्यंत, असा एक रकाना होता. काकांनी घाईघाईत तिथं लिहिलं, 'कव्हर?' ते तसंच जगभर गेलं. पुढं कोल्हापूरच्या एका बाईंचं पत्र आलं, की बाकी सगळं छान आहे, पण हे कव्हर कशाचं आणि ते कुठं मिळतं? काकांनी त्यांना दोन पानी उत्तर लिहिलं आणि शब्द मात्र बदलला नाही.

त्या रकान्यानं मलाही एकदा गोत्यात आणलं. आमच्या दवाखान्यात पेशंटच्या तारखा डायरीत लिहीत. मी हे घरी सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी काका लुनावरून औरंगपुऱ्याच्या गल्लीत हजर. रिक्षांच्या गर्दीतून लुना ढकलत आणली, खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि डॉक्टरांना म्हणाले, "दहा मिनिटं द्या." डॉक्टरांनी दिली. काकांनी तास घेतला. दातांना तारा लावलेले पेशंट दर चौथ्या मंगळवारी तारा आवळून घ्यायला येत, ते सगळे मी हौसेनं भरले. डॉक्टर लई खूश. पण 'कव्हर?' हा रकाना मी रिकामा सोडत गेले. एका मुलीच्या तारा निघाल्या, तिचं लग्न झालं, ती नाशिकला गेली, आणि तरी दर चौथ्या मंगळवारी खिडकी उघडायची, 'आठवण: दात आवळणे'. वर्षभरानं डॉक्टर म्हणाले, "या बाईंना एकदा फोन करून विचार, संसार बरा चाललाय ना."

मी राहायला आल्याच्या पहिल्याच वर्षी कंदील बंद पडला. म्हणजे काकांचा चालू होता, पण बनवणाऱ्यांनी काम थांबवलं. एका सकाळी काकांना पत्र आलं. मी डबा घेऊन खाली उतरत होते, तर ते पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेले. त्यांनी मला पत्र वाचून, मराठी करून सांगितलं. आमच्यातल्या काहींना मुलं झाली, काहींच्या नोकऱ्या बदलल्या, लोक आता फोनवर कॅलेंडर बघतात. यापुढं कंदिलात सुधारणा होणार नाही. ही शेवटची आवृत्ती. सर्वांचे आभार.

"चालू राहील ना पण?" मी विचारलं.

"चालू राहील. घर चालू राहतं ना मालक गेल्यावर. पण कौल फुटलं तर वर चढणारं कुणी नाय."

त्यांनी ते पत्र छापून घेतलं, आणि कुठं ठेवावं ते सुचेना म्हणून लाइट बिलाच्या पिशवीत ठेवलं. त्या दिवशी काकूंनी शिरा केला होता. काका म्हणाले, "आज गोड नको." मग मी आणि काकूंनी तो खाल्ला, जरा चोरट्यासारखा.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. पुढच्या वर्षीही तेच. लासूरला आमच्या घरामागच्या विहिरीत गाळ दिसायला लागला. जायकवाडीत किती टक्के उरलं, हे लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखं एकमेकांना विचारायचे. कॉलनीतल्या बोअर एकामागून एक आटल्या. मग टँकर ठरला, दिवसाला एक. चाळीस घरं, दिवसाला आठ, म्हणजे प्रत्येक घराला दर पाचव्या दिवशी दोन ड्रम. पहिल्या आठवड्यातच दोन भांडणं झाली आणि एका बादलीचा कान तुटला.

काकांनी कॉलनीच्या अध्यक्षांना सांगितलं, "हे माझ्याकडं द्या. 'दर पाचव्या दिवशी' म्हणजे कंदिलाचंच काम."

अध्यक्ष सोयगावकडचे, घरची मोठी शेती, इथं शहरात नोकरी. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. त्यांनी काम दिलं. काका दर रविवारी दोन कागद छापायचे. एक पाळ्यांचा, तो विजेच्या खांबाला चिकटवायचा. दुसरा टँकरच्या वेळांचा आणि घर नंबरांचा, तो पाशाभाई ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. खांबावरचा कागद रंगीत असायचा. रंगीत छपाई मी औरंगपुऱ्यातून करून आणायची.

रंगाचं कारण साळूबाई. कॉलनीच्या शेवटी मोकळ्या जागेत तिचं पत्र्याचं घर होतं. माणसं धनगर. शेळ्या राखायच्या आणि नवरा बांधकामांवर मजुरीला. त्या माळावर तिच्या सासऱ्याची मेंढरं चरायची, तेव्हा आमच्यापैकी कुणाचंच घर नव्हतं. आता तिच्याकडं अकरा शेळ्या उरल्या होत्या आणि घराला नंबर नव्हता. काकांनी तिला एक्केचाळीस नंबर दिला. अध्यक्ष म्हणाले, "काका, ती कॉलनीत येत नाही."

"कंदिलात येते," काका म्हणाले आणि विषय संपवला.

साळूबाईला वाचता येत नव्हतं. कंदिलात प्रत्येक कामाला वेगळा रंग देता येई. काकांनी तिला पिवळा दिला. रविवारी ती खांबापाशी येऊन कागदावर बोट फिरवायची, पिवळा चौकोन सापडला की मोजायची, "सोम, मंगळ, बुध... व्हय, बुधवारी माझं." आणि शेळ्या हाकत निघून जायची.

सात-आठ महिने हे बिनबोभाट चाललं. मग काकांचा जुना कॉम्प्युटर विजेच्या झटक्यानं गेला. त्यांनी नवा आणला, फाइल त्यावर उतरवली, कंदील चालू झाला, सगळे खूश. रविवारी कागद छापला, मी रंगीत करून आणला, खांबाला लागला.

सोमवारी कुरबुर झाली, मंगळवारी गोंधळ उडाला. ज्यांनी कागद बघून ड्रम मांडून ठेवले होते त्यांच्या दारावरून पाशाभाईचा टँकर तसाच पुढं गेला, आणि ज्यांच्या दारात तो थांबला त्यांच्या दाराला कुलूप. खांबावरच्या कागदात सगळ्या पाळ्या एक दिवस अलीकडं सरकल्या होत्या. पाशाभाईचा कागद मात्र बरोबर होता. आणि नेमका त्याच दिवशी अध्यक्षांच्या मुलीचा साखरपुडा होता. सोयगावकडून तीन जीप भरून पाहुणे आले, आणि घरात पिण्याचे जार सोडले तर पाणी नाही. अध्यक्षांनी कागद बघून पाळी आदल्या दिवशी धरली होती. टँकर आला नाही तेव्हा त्यांना वाटलं उशीर झाला असेल. मंगळवारी तो खरंच आला तेव्हा सगळं घर मंगल कार्यालयात.

पाहुणे हात-पाय धुवायला मागच्या अंगणात गेले आणि रिकाम्या ड्रमापाशी उभे राहिले. ही बातमी गल्लीतून साळूबाईपर्यंत गेली. तिला कागद चुकला तरी फरक पडत नव्हता, कारण टँकर दिसला की ती शेळ्या सोडून धावायची. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं एक भरलेला ड्रम हातगाड्यावर घातला आणि अध्यक्षांच्या दारात आणून उभा केला.

"लेकीचं काम हाय," ती अध्यक्षांच्या बायकोला म्हणाली. "माझ्या शेळ्या एक दिस दम खातील."

काका तेव्हा खांबापाशी उभे होते. त्यांचा चेहरा मी पुन्हा तसा कधी पाहिला नाही. ते घरोघर गेले. चाळीस घरं, प्रत्येक दारात तेच वाक्य, "चूक माझी झाली. छापण्याआधी मी ताडून बघितलं नाय." काही जणांनी आत बोलावलं, काहींनी दारातूनच बोलून घेतलं. परत आल्यावर त्यांनी चहा घेतला नाही.

गुरुवारी संध्याकाळी मोकळ्या जागेत मीटिंग झाली. अध्यक्ष म्हणाले, की आता सगळ्यांकडं चांगले फोन आहेत. फोनवरचं कॅलेंडर घेऊ, ग्रुप करू, ज्याला त्याला त्याची पाळी फोनवर दिसेल. "काकांनी लई केलं आपल्यासाठी. पण ते कंदील आता जुनं झालं. बनवणाऱ्यांनीच सोडून दिलंय."

बऱ्याच माना हलल्या. काका उठले. मला वाटलं, आता कंदिलाचा इतिहास सुरू होणार. पण ते एवढंच म्हणाले, "फोनवर ज्याला घ्यायचं त्यानं घ्यावं. मला आठ दिवस द्या. चूक कुठं आहे ते सापडलं नाय तर मी स्वतः कागद काढून टाकीन."

"पण काका, दोन-दोन कशाला?"

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं अध्यक्षांच्या पत्नी उभ्या राहिल्या. एरवी त्या मीटिंगमध्ये कधी बोलत नसत. "फोन साळूबाईकडं नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांकडं नाही. आणि परवा पाहुण्यांनी हात-पाय कुणाच्या पाण्यानं धुतले, तेही एकदा सगळ्यांना सांगा."

अध्यक्ष खाली बघायला लागले. मागं साळूबाई बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. काकांना आठ दिवस मिळाले.

आता कौल फुटलं होतं आणि वर चढणारं कुणी नव्हतं. काकांनी कंदील बनवणाऱ्यांच्या जुन्या यादीतल्या सगळ्यांना पत्रं पाठवली. बरीचशी पत्ता चुकीचा म्हणून परत आली. एकानं कळवलं, की मला आता त्यातलं काही आठवत नाही, क्षमस्व. मग काका स्वतःच ती उघडी ठेवलेली पानं वाचायला लागले. पासष्टीला आलेला माणूस, चष्मा कपाळावर, नाक पडद्याला लावलेलं. मी कामावरून आले की मला समोर बसवून मोठ्यानं सांगायचे, कारण मोठ्यानं सांगितलं की त्यांना स्वतःला कळायचं. मला अर्धं कळायचं. काकूंना काहीच कळत नव्हतं, पण त्या भाजी निवडत तिथंच बसायच्या.

पाचव्या दिवशी त्यांना एक गोष्ट दिसली. टँकरची वेळ दहाची भरली होती, पण नव्या कॉम्प्युटरवर कंदील ती साडेनऊ दाखवत होता. टँकर जन्मात कधी वेळेवर आला नव्हता, त्यामुळं हा अर्धा तास कुणाच्या लक्षातच आला नाही.

"अर्धा तास गेला कुठं?" काका पुटपुटत होते.

तो सापडला. कंदील आतल्या आत विलायतेच्या घड्याळानं चालायचा आणि दाखवताना त्यात आपला वेळ मिळवायचा. आपण साडेपाच तास पुढं. जुना कॉम्प्युटर हा फरक त्याला आयता द्यायचा; नव्यावर तो स्वतः मोजत होता, आणि पाच मिळवून अर्धा सोडून देत होता. टँकरच्या वेळेचं, म्हणजे पाशाभाईच्या कागदाचं, त्यानं काही बिघडत नव्हतं. पण पाळी दिवसभराची लिहिलेली. दिवस सुरू होतो रात्री बाराला. त्यातून अर्धा तास काढला की साडेअकरा, म्हणजे आदला दिवस. सगळी कॉलनी त्या अर्ध्या तासात घसरून एक दिवस मागं पडली होती.

सापडलं, पण दुरुस्त कसं करायचं ते काकांना जमेना. आणि सातव्या दिवशी सकाळी एक उत्तर आलं. एका थंड देशातल्या बाईंचं. त्या शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त होऊन सफरचंदं पिकवत होत्या, आणि वेळेचं ते सगळं गणित त्यांनीच लिहिलेलं होतं. पत्र छोटंसं होतं. काकांनी ते मला तीनदा वाचून दाखवलं. 'आमच्याकडं सगळे देश पूर्ण तासांनी मागं-पुढं असतात. अर्ध्या तासाचेही देश असतात हे मी त्या ओळी लिहिताना विसरले. मला फार वाईट वाटतं. किती लोकांना त्रास झाला?'

काकांनी लिहिलं, "एक्केचाळीस घरं, अकरा शेळ्या आणि एक साखरपुडा."

त्या दिवशी दोघांची दिवसभर पत्रं चालली. त्या बाई ओळी पाठवायच्या, काका घालून बघायचे, चुकलं की कळवायचे. दुपारी त्यांच्याकडं उजाडलं असेल-नसेल, तरी त्या बसलेल्या. चारच्या सुमाराला काकांनी हाक मारली. आम्ही धावलो. पडद्यावर टँकर दहाला उभा होता आणि पिवळा चौकोन आपल्या जागी.

काकूंनी न विचारता शिरा केला.

रविवारी नवा कागद लागला. या वेळी काकांनी तो पाशाभाईच्या कागदाशी एकेक ओळ ताडून बघितला आणि खाली सही केली. फोनचा ग्रुपही सुरू झाला होता. तो काही दिवस जोरात चालला. मग त्यात सकाळच्या शुभेच्छा, फुलांची चित्रं, कुणाच्या तरी प्लॉटची जाहिरात असं इतकं आलं, की पाळी शोधायला वर-वर सरकवत बसावं लागे. पाशाभाईंनाही अध्यक्षांनी ग्रुपमध्ये घेतलं. दोन दिवसांनी ते काकांच्या दारात.

"काका, मेरेकू कागदच होना. गाडी चलाते-चलाते मैं मोबाइल में फूलां कायकू देखूँ?"

टँकर कागदावर चालतो म्हटल्यावर लोकही कागदावर आले. एका सकाळी मी कामावर निघाले तर अध्यक्ष खांबापाशी चष्मा वर करून उभे. मला बघून म्हणाले, "फोनची बॅटरी उतरलीय." मी मान हलवली.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला. काही वर्षांनी कॉलनीला रस्ता झाला. माझं लग्न ठरलं आणि मी नाशिकला गेले. साळूबाईचा माळही प्लॉट पाडून विकला गेला. ती माणसं शेळ्या घेऊन खुलताबादच्या बाजूला सरकली असं काकूंनी फोनवर सांगितलं. काका मागच्या वर्षी गेले. शेवटपर्यंत कंदील वापरत होते. काकूंनी मला त्यांची फाइल पाठवली. साध्या अक्षरांत उघडली आणि वाचत बसले. औषधं, लुनाचं ऑइल, 'पोरीचा वाढदिवस, फोन करणे', असं सगळं. ती पोरगी मी.

पण काका आठवले की मला ती फाइल आधी आठवत नाही, तो दुष्काळातला एक दुपारचा प्रसंग आठवतो. दुरुस्ती होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. त्या थंड देशातल्या बाईंनी काकांना कळवलं, की ही दुरुस्ती घालून मी कंदिलाची एक शेवटची आवृत्ती सगळ्यांसाठी ठेवते आहे. काकांनी मधल्या पत्रांत साळूबाईबद्दल लिहिलं होतं, म्हणून त्या आवृत्तीला एक ओळ जोडली होती, 'घर नंबर एक्केचाळीससाठी'. काकांनी कागद छापला, चपला घातल्या आणि उन्हातून तडक साळूबाईच्या पत्र्यापाशी गेले. मी मागोमाग.

साळूबाई शेळीच्या पायातला काटा काढत होती. काकांनी तिला सगळं समजावून सांगितलं. की तुझ्या घराचा नंबर आता जगभर गेला, कुठल्या कुठल्या देशांतली माणसं तो वाचतील, आणि हे एका बाईनं केलं, जिला आपण कधी पाहिलं नाही.

साळूबाईनं शेळीचा पाय न सोडता सगळं ऐकून घेतलं.

"लई चांगली हाय म्हणायची बाई," ती म्हणाली. "तिच्याकडं नळाला पाणी कव्हा येतं?"

काका घोटाळले. "तिच्याकडं? रोजच येत असंल. चोवीस तास."

साळूबाईनं काटा उपसला, शेळीच्या पाठीवर थाप मारून तिला सोडलं आणि काकांकडं खऱ्याखुऱ्या नवलानं बघितलं.

"रोज येतं? मंग बाप्पा, तिला कॅलेंडर कामून लागलं?"

काका तिथंच, तिच्या दारातल्या दगडावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिले.